कॉलेजात असताना एखाद्या ग्रुपमध्ये जायचं का? मी खगोलवाल्यांमध्ये गेले, त्याबद्दल

ॲडमिशनचा सीझन आला की मला बार्शीहून ओळखीच्या, ओळखीच्यांच्या ओळखीच्या मुलींचे मेसेज सुरू होतात. ताई हॉस्टेल कुठलं बरं, मेस कुठली, क्लास लावू का, आणि सगळं विचारून झालं की शेवटी हळूच एक प्रश्न येतो, कॉलेजात ते ग्रुप असतात ना, त्यातल्या एखाद्यात गेलं तर चालेल का, की अभ्यासाचं नुकसान होतं? प्रत्येकीला वेगळं टाईप करण्यापेक्षा इथेच नीट लिहिते. या प्रश्नावर माझं मत ठाम आहे, आणि ते एका ओळीत सांगून कुणाला पटणार नाही.

मी पुण्यात बीकॉमला आले तेव्हा ग्रुप म्हणजे नाटकवाले एवढंच मला माहीत होतं. पुरुषोत्तम, फिरोदिया या कॉलेजांमधल्या स्पर्धा जवळ आल्या की कॉलेजात एक वेगळीच हवा असते, ती मुलं रात्र रात्र तालमी करतात आणि त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. एनएसएसवाल्यांचे कॅम्प असतात, एनसीसी असतं. खगोलाचा ग्रुप असतो हे मात्र मला माझ्या रूम पार्टनरमुळे कळलं, ती फिजिक्सची, तिने एका शनिवारी मला ओढूनच नेलं. फिजिक्स डिपार्टमेंटच्या गच्चीला लागून एक खोली आहे, तिथे हे लोक भेटतात. सायन्सची मुलं निम्मी असतील, बाकी कॉमर्स, आर्ट्स, एक जण शेजारच्या इंजिनिअरिंग कॉलेजचा, आणि मध्यभागी एक सर जे बहुतेक वेळ गप्प बसून ऐकतात. कुणी मला टक्केवारी विचारली नाही, फिजिक्स होतं का असंही विचारलं नाही. एका ताईने हातात आकाशाचा नकाशा दिला आणि म्हणाली, चल गच्चीवर.

तर हा नकाशा. जमिनीच्या नकाशात पूर्व उजवीकडे असते आणि आकाशाच्या नकाशात डावीकडे. पहिल्यांदा बघणाऱ्याचं डोकं तिथेच अडकतं, आणि मजा म्हणजे ज्यांना चार-पाच वर्षं आकाश पाठ आहे त्यांच्या हे लक्षातही राहत नाही की इथे कुणी अडकू शकतं. मला ते सांगितलं फर्स्ट इयरच्या एका मुलीने, जी माझ्या जेमतेम महिनाभर आधी ग्रुपमध्ये आली होती. ती म्हणाली, अगं तो खाली धरू नको, डोक्यावर धर, आडवा, आणि उत्तरेची बाजू उत्तरेला कर, मग बघ. केलं आणि लगेच जुळलं, पूर्व पूर्वेलाच आली. तिला ते सुचलं कारण तीसुद्धा नुकतीच तिथेच अडकली होती.

नंतर कळलं की हा आमच्या ग्रुपचा नियमच आहे. कुठे लिहिलेला नाहीये, पण सगळे पाळतात. ज्याला एखादी गोष्ट नुकती समजलीय त्यानेच ती पुढच्याला सांगायची. सीनियर मागे उभे राहतात, काही चुकीचं सांगितलं जात असेल तरच बोलतात. मला हे फार म्हणजे फार महत्त्वाचं वाटतं. वर्गात आपण फक्त घेणारे असतो, तीन वर्षं घेतच राहतो आणि परीक्षेत परत करून मोकळे होतो. इथे या शनिवारी तुला मृग नक्षत्र कळलं की पुढच्या शनिवारी नवीन आलेल्या मुलाला मृगाच्या पट्ट्यातल्या तीन ताऱ्यांवरून रेघ ओढून व्याध कसा शोधायचा हे तूच सांगणार आहेस, हे माहीत असतं. त्यामुळे ऐकतानाच कान वेगळे होतात, आपण मनात म्हणायला लागतो की हे मी कुणाला कसं सांगेन, आणि तसं म्हणायला लागलं की काय कळलं नाहीये ते लगेच कळतं.

पुण्यात हे सगळं सोपं जातं हेही खरं आहे. ज्योतिर्विद्या परिसंस्था इथे १९४४ पासून आहे, हौशी आकाशनिरीक्षकांची देशातली सगळ्यात जुनी संस्था. विद्यापीठाच्या आवारात आयुका हे खगोलसंशोधनाचं केंद्र आहे, जे डॉ. जयंत नारळीकरांनी उभं केलं, आणि तिथल्या सायन्स डेला लहान पोरांपासून आजोबांपर्यंत सगळे रांगेत असतात. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, पंचेचाळीस मीटर व्यासाच्या ३० अँटेना, काही मधोमध आणि बाकीच्या इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन दिशांना पसरलेल्या, साधारण पंचवीस किलोमीटरच्या टप्प्यात. २८ फेब्रुवारीच्या सुमारास तिथे प्रदर्शन असतं, तेव्हा आसपासच्या शाळांची मुलं, द्राक्ष-टोमॅटोवाले शेतकरी, सगळे येतात. मी आयुष्यात एवढी मोठी आणि तरीही आरपार दिसणारी वस्तू पाहिली नव्हती, डिश म्हणजे तारांची जाळीच आहे, मागचं आकाश दिसतं तिच्यातून. मुंबईत असाल तर खगोल मंडळ आहे, हॅलेचा धूमकेतू आला होता त्या काळात सुरू झालेलं, त्यांचे वांगणीचे रात्रभराचे कार्यक्रम माहीत असतील अनेकांना. म्हणजे पुण्यातच असायला हवं असं काही नाही.

आता मला जे सगळ्यात जास्त सांगायचंय ते. डिसेंबरात वेल्ह्याच्या बाजूला एका ओळखीच्यांच्या शेतावर आम्ही जायचो, पुण्याचा उजेड डोंगराआड जातो तिथे. तिथे मी पहिल्यांदा अलगोल पाहिला. ययाती नावाचा तारकासमूह आहे, त्यातला हा तारा. नुसत्या डोळ्याने दिसतो, काही विशेष नाही, पण दर २ दिवस २० तास ४९ मिनिटांनी तो काही तास फिका होत जातो, आणि पुढच्या काही तासांत परत पहिल्यासारखा. कारण ते खरं तर एकमेकांभोवती फिरणारे दोन तारे आहेत आणि त्यातला अंधुक तारा तेजस्वी ताऱ्याच्या पुढून जातो, म्हणजे आपल्याला इथून ग्रहणच दिसतं. एरवी त्याची प्रत, म्हणजे तेजाचा आकडा, २.१ असते, ग्रहणात ३.४ पर्यंत उतरते (प्रतीचा आकडा जितका मोठा तितका तारा फिका, हे सुरुवातीला उलटं वाटतं).

हे मोजायचं कसं? यंत्र लागत नाही. शेजारी ज्यांची प्रत माहीत आहे असे तारे धरायचे, देवयानीत एक २.१ चा आहे, ययातीतच एक ३.० चा आहे, आणि अलगोल या दोघांच्या मध्ये, किंवा अगदी फिका असताना ३.० वाल्याच्याही खाली, कुठे बसतो ते डोळ्याने ठरवायचं. दर पंधरा-वीस मिनिटांनी एक आकडा. आणि इथे आमच्याकडची एक पद्धत, जी मला आजही जगात भारी वाटते. सगळ्यांनी आपापल्या वहीत लिहून होईपर्यंत कुणीही आकडा मोठ्याने बोलायचा नाही. सीनियरने तर अजिबातच नाही. कारण एकदा का दादा म्हणाला २.७, की बाकी सगळ्यांना २.७ च दिसणार, मग दहा जण असून काय उपयोग, ते एकाच माणसाचं निरीक्षण झालं. अंधारात सगळे आपापल्या वहीवर वाकलेले, टॉर्चला लाल जिलेटीन पेपर लावलेला, कारण पांढरा उजेड डोळ्यावर पडला की अंधाराला सरावायला परत वीस-तीस मिनिटं जातात, आणि मग वेळनियंत्रक म्हणतो, झालं का सगळ्यांचं, वाचा. कुणाचा २.६, कुणाचा २.९, माझा २.८. माझा आकडा तिथे दादाच्या आकड्याइतकाच धरला गेला, नवीन आहे म्हणून खोडला नाही की सांभाळूनही घेतला नाही. सगळ्यांची सरासरी काढली आणि ती सरासरी कुठल्याही एकट्याच्या नोंदीपेक्षा गुळगुळीत रेषेवर बसत होती. हे मी स्टॅटिस्टिक्सच्या पुस्तकात वाचलं होतं, मार्कही मिळवले होते. पण थंडीत कुडकुडत पाहिलं तेव्हा कळलं की पुस्तक कशाबद्दल बोलत होतं.

तो तक्ता पुढे माझ्याकडेच आला, एक्सेल मला येतं म्हणून. अलगोलचं एक ग्रहण रात्री दोनला झालं तर पुढचं तिसऱ्या रात्री पावणेअकराच्या सुमारास येतं, म्हणजे दर खेपेला सुमारे तीन तास अकरा मिनिटं अलीकडे सरकतं, आणि मग ते दिवसा व्हायला लागतं, की मधले बरेच दिवस काही दिसत नाही. कुठल्या रात्री जायचं, त्या रात्री चंद्र केव्हा मावळतो, दुसऱ्या दिवशी कुणाची इंटर्नल आहे, सबमिशन कुणाचं, हे सगळं एका शीटमध्ये बसवायचं काम मी केलं आणि मला ते करताना जो आनंद झाला तो मला बॅलन्स शीट टॅली झाल्यावर पण झाला नव्हता. खरं सांगते, कॉमर्सच्या मुलीला इथे काय काम, असं मला सुरुवातीला वाटायचं, ते त्या शीटने पूर्ण पुसलं.

आणि याच अलगोलची एक गोष्ट आहे जी मी प्रत्येक नव्या मुलाला सांगते. त्याच्या फिकं होण्याला ठरावीक वेळ आहे हे पहिल्यांदा नीट मांडलं जॉन गुडरिक नावाच्या मुलाने, इंग्लंडमध्ये यॉर्क गावी, १७८३ मध्ये. वय १८. त्याला ऐकू येत नव्हतं. आणि तो एकटा नव्हता, एडवर्ड पिगॉट म्हणून शेजारी होता, वयाने मोठा, त्याच्या घरची वेधशाळा होती, पुस्तकं होती, दोघं आपापलं निरीक्षण करायचे आणि मग नोंदी ताडून बघायचे. अंधुक काहीतरी पुढून जात असेल ही कल्पनाही त्या वेळी मांडली गेली आणि ती बरोबर आहे हे कळायला पुढे शंभरेक वर्षं गेली. रॉयल सोसायटीने त्याला त्याच वर्षी कोप्ली पदक दिलं. तीन वर्षांनी, एकविसाव्या वर्षी तो गेला. मला यात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते शेजाऱ्याचं असणं. अठराव्या वर्षी तुमच्याकडे डोळे चांगले असतात, रात्री जागायची ताकद असते, पण आपण जे पाहिलं ते बरोबर आहे का हे विचारायला कुणीतरी लागतं ज्याने तेच, त्याच रात्री, स्वतः पाहिलंय.

पावसाळ्यात काय करता, असं सगळे विचारतात. जून ते सप्टेंबर आकाश बंदच असतं आमच्यासाठी, ऑगस्टमधला ययातीचा उल्कावर्षाव जग बघतं आणि आपण ढग. तेव्हा आम्ही आरसे घासतो. हो, दुर्बिणीचा आरसा हाताने घासून करता येतो. मला हे कळलं तेव्हा मी दोनदा विचारलं की कारखान्यात नाही का करत. सहा इंच व्यासाच्या दोन जाड काचेच्या चकत्या घ्यायच्या, एक पिंपावर घट्ट बसवायची, तिच्यावर कार्बोरंडमची, म्हणजे काच घासायची दाणेदार पावडर आणि पाणी, आणि दुसरी चकती वर ठेवून पुढे-मागे ढकलायची. थोडे हात मारले की चकती जरा फिरवायची, आणि आपण पिंपाभोवती एक पाऊल सरकायचं. एवढंच. असं तास न् तास केलं की वरची काच आपोआप खोलगट व्हायला लागते आणि खालची फुगीर. कुणीही खड्डा पाडत नाही, नुसत्या त्या हालचालीतून गोलाई येते, आणि चारी बाजूंनी फिरत राहिल्यामुळे ती सगळीकडे सारखी येते.

८० नंबरच्या पावडरने सुरुवात, तिचा आवाज खर्रर्र असा, अख्ख्या मजल्यावर ऐकू जातो. मग बारीक, अजून बारीक, आणि आवाजही बारीक होत जातो, जुने लोक नुसत्या आवाजावरून सांगतात की पावडर संपली, नवीन टाक. अठ्ठेचाळीस इंच फोकल लेंग्थ (ताऱ्याचा उजेड आरशापासून जिथे एका बिंदूत जुळतो तिथपर्यंतचं अंतर) हवी असेल तर मधला खड्डा किती खोल हवा माहितीये? सव्वा मिलिमीटरपेक्षाही जरा कमी. एवढ्यासाठी एवढी मेहनत. आणि प्रत्येक नवी पावडर घ्यायच्या आधी सगळं धुवायचं, टेबल, पिंप, हात, नखं, ओढणी, कारण जाड पावडरचा एक कण जरी राहिला तरी त्याचा ओरखडा पडतो आणि मागे जावं लागतं. नंतर पिच म्हणून राळेसारखा एक काळा पदार्थ वितळवून त्याचं पॅड करतात आणि सेरियम ऑक्साईडने पॉलिश. इथे काच हळूहळू पारदर्शक होते, आधीची ती दुधाळ, घासलेली काच, तिच्यातून एक दिवस खालचं वर्तमानपत्र वाचता येतं.

पण मला जे आयुष्यभर लक्षात राहील ते टेस्टिंग. अंधाऱ्या खोलीत आरसा एका टोकाला उभा, दुसऱ्या टोकाला एक बारीक दिवा आणि दाढीच्या ब्लेडची धार. आरशावरून परत आलेला उजेड जिथे एका बिंदूत जुळतो, बरोबर तिथे तो ब्लेडने कापायचा आणि ब्लेडच्या मागून बघायचं. असं बघितलं की आरशाचा अख्खा पृष्ठभाग टेकड्या-दऱ्यांसारखा सावल्यांमध्ये दिसतो, जिथे उंचवटा आहे, जिथे खळगा आहे. आणि हे उंचवटे किती, तर केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाएवढे. त्या दिवशी एका ताईने मला सांगितलं, जा, आरशाला अंगठा लाव आणि अर्ध्या मिनिटाने ये. मी लावला, परत आले, ब्लेडमागून पाहिलं तर जिथे अंगठा होता तिथे एक टेंगूळ उभं राहिलेलं. माझ्या बोटाच्या उबेने काच तिथे फुगली होती! आणि मी बघत असतानाच ते टेंगूळ हळूहळू बसत गेलं, काच गार झाली आणि परत सपाट. प्रसरण हा शब्द मी सातवी-आठवीपासून लिहीत आलेय. दुसऱ्या दिवशी नवीन मुलगा आला तेव्हा त्याला अंगठा लावायला मी पाठवलं.

असा आरसा झाला की त्यावर ॲल्युमिनियमचा थर चढवून आणतात, नळी आणि प्लायवूडचा साधा स्टँड करतात. हा स्टँड जॉन डॉब्सन यांच्या नावाने ओळखला जातो. ते अमेरिकेत वेदांत सोसायटीच्या मठात बरीच वर्षं संन्यासी होते, तिथे राहून दुर्बिणी करायचे, आणि नंतर सॅन फ्रान्सिस्कोच्या फुटपाथवर दुर्बीण लावून येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावून चंद्र दाखवायचे. १९६८ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी त्यासाठी ग्रुपच काढला. आमच्याकडेही तेच चालतं. आरसा झाला की पहिला कार्यक्रम गावातल्या शाळेत. मला गुरू दाखवायचं काम होतं, रांग लांबलचक, मुलांच्या मागे त्यांच्या आया आणि आज्या. एका आजींनी डोळा लावला, बराच वेळ लावून ठेवला, मग उठल्या आणि दुर्बिणीच्या तोंडाशी जाऊन आत वाकून बघितलं, काही चिकटवलंय का ते. मग परत येऊन म्हणाल्या, पोरी त्याच्याशेजारी चार बारीक ठिपके हायेत ते काय? मी सांगितलं, आजी ते त्याचे चंद्र. "त्याला चार?" म्हणाल्या, आणि सुनेला हाक मारली. त्या आजींनी मागच्या चार जणींना ते ठिपके कसे बघायचे हे स्वतःच सांगितलं, सरळ नको बघू गं, जरा कडेला बघ म्हणजे दिसतंय, जे मी त्यांना दोन मिनिटांपूर्वी सांगितलं होतं.

बरं, मुलींच्या मनातला खरा प्रश्न, रात्रीचं जायचं कसं. माझ्या घरीही हा विषय झाला. पप्पा म्हणाले तारे काय गच्चीवरून दिसत नाहीत का. आईने एवढंच विचारलं की सोबत कोण आहे. यात घरच्यांचं काही चूक नाही असं माझं मत आहे, आणि चांगला ग्रुप ओळखायची खूण पण हीच आहे की या प्रश्नाचं उत्तर त्यांच्याकडे तयार असतं. आमच्याकडे प्रत्येक रात्रीला सर किंवा मॅडम सोबत असतातच, जाणाऱ्यांची यादी आणि जागेचं लोकेशन आदल्या दिवशी पालकांच्या ग्रुपवर जातं, मुली कमीत कमी तीन असल्याशिवाय रात्रीचा कार्यक्रम होत नाही, टॉयलेटची सोय नसलेली जागा कितीही अंधारी असली तरी घेत नाहीत. एका ताईने स्वतः आईला फोन केला आणि म्हणाली, काकू तुम्ही पण या एकदा. आई आली. मार्चमध्ये, आमची मेसिएची रात्र होती तेव्हा, त्यात १८व्या शतकातल्या एका फ्रेंच निरीक्षकाच्या यादीतले ११० धूसर ठिपके एका रात्रीत जमतील तितके शोधायचे असतात, आणि आईने पहाटेपर्यंत जागून सगळ्यांना चहा तर दिलाच, पण कृत्तिका स्वतः ओळखून दाखवल्या, कारण तिच्या आजोळी पेरणीच्या गप्पांत नक्षत्रं असायचीच. त्यानंतर पप्पांनी विषय काढला नाही.

माझी मावसबहीण अमेरिकेत शिकते. तिच्या युनिव्हर्सिटीत फर्स्ट इयरच्या मुलांना अशा विषयवार गटांत घालतात, एक विषय धरून दोन-तीन कोर्स सगळ्यांनी मिळून करायचे, काही ठिकाणी हॉस्टेलचा मजलाही एकच. ही कल्पना तिकडे जुनी आहे, विस्कॉन्सिनला अलेक्झांडर माइकलजॉन यांनी १९२७ मध्ये एक प्रायोगिक कॉलेजच काढलं होतं, पहिलं अख्खं वर्ष प्राचीन अथेन्स आणि दुसरं वर्ष त्यांच्या काळातली अमेरिका, वेगवेगळे विषय नाहीतच, ते १९३२ ला बंद पडलं. बहीण सांगते की तिला पहिल्या सेमिस्टरला घरची आठवण कमी आली ती त्या गटामुळे. मला हे ऐकून छान वाटलं आणि थोडी असूयाही, कारण तिथे कॉलेज स्वतः टाईमटेबलमध्ये जागा करतं, आपल्याकडे मुलं शनिवार वाचवून करतात. आता नव्या शैक्षणिक धोरणात अशा गोष्टींना क्रेडिट मिळायला लागलेत, ते चांगलंच आहे, फक्त हजेरीपुरते येणारे वाढू नयेत एवढी काळजी घ्यावी लागेल.

कारण तसे ग्रुपही असतात. मी एका ठिकाणी (नाव नको) थोडे दिवस जाऊन आलेय जिथे वर्षभर फक्त पोस्टर बनतात, पदं वाटली जातात, सर्टिफिकेट छापतात, आणि विषयाचं कुणी काही करत नाही. तर जॉईन व्हायच्या आधी जाऊन एक-दोनदा नुसतं बसा आणि बघा, बोलतंय कोण? सारखा एकच माणूस बोलत असेल तर तो क्लास आहे. नवीन आलेल्याच्या हातात पहिल्याच दिवशी काहीतरी देतात का, नकाशा, पाना, ढोलकी, माती, जो काही विषय असेल त्याचं? मागच्या वर्षीची मुलं यंदा दिसतात का? आणि प्रश्न विचारला की उत्तर मिळतं, की आधी तुझी ब्रँच कुठली असं विचारतात?

अभ्यासाचं विचाराल तर परीक्षेच्या महिन्यात मी जात नव्हते, ग्रुपनेही बोलावलं नाही, तेवढी समज सगळ्यांना आहे. मार्कांवर वाईट परिणाम झाला नाही. आता एमकॉमला आहे आणि अजून जाते. वर्गात हात वर करायची सवय मला त्या गच्चीवर लागली आणि ती बीकॉमच्या वर्गात पण राहिली, हा माझ्यासाठी फार मोठा फरक आहे, बार्शीहून आलेल्या मुलीला पुण्याच्या वर्गात तोंड उघडायला किती वेळ लागतो हे ज्यांना माहितीये त्यांना कळेल.

सध्या पाऊस आहे, म्हणजे आरशाचं काम सुरू आहे. यंदा आठ इंची घेतलाय, ८० ची पावडर झाली, आता १२० वर आहोत, हात कमी पडतायत. आमच्या कॉलेजला ॲडमिशन घेतलेल्यांनी शनिवारी साडेपाचला फिजिक्सच्या वरच्या खोलीत यायचं, बाकीच्यांनी आपापल्या कॉलेजात चौकशी करा, नसेल ग्रुप तर मला मेसेज करा, सुरू कसा करायचा ते सांगते. जुने कपडे घालून या, अंगठ्या-बांगड्या काढून या, नखं कापलेली हवीत. पिंपाभोवती कसं फिरायचं ते तुम्हाला गेल्या आठवड्यात आलेली मुलगी शिकवेल.